दोन्ही बशा जिवंत

१

ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या सकाळी जिवंत निघाल्या, आणि खोलीत सुतक पडलं. कुणी जगलं म्हणून सुतक धरल्याचं ऐकिवात नसेल; पण कर्करोगाच्या पेशींचा संसारच उलटा. त्या सुखात, की माणूस दुःखात.

पंतोजी मायक्रोस्कोपवरून उठले, चष्मा कोटाच्या टोकाला पुसला आणि शाळेत निकाल वाचावा तसं म्हणाले, "त्रिकोणाची बशी जिवंत. गोलाची बशी जिवंत. दोन्हीकडे खाऊनपिऊन सुखी मंडळी."

"नीट बघा," बाई म्हणाल्या.

"बाई, ही काही खिचडीतली मोहरी नाही, निवडताना चुकायला. नीटच बघितलंय."

बाई या प्रयोगशाळेच्या प्रमुख. केस पांढरे होईपर्यंत त्यांनी एकाच औषधाचा ध्यास घेतला होता. पंतोजी त्यांचे जुने सहकारी. खरं नाव कागदोपत्री उरलेलं, कारण बोलणं सगळं छडी घेतल्यासारखं. आणि भिंतीला टेकून, हातमोजे तसेच चढवून उभी होती ती धाकटी. तिला तिचा भाऊ या नावानं हाक मारायचा, म्हणून सगळे मारायचे.

तो भाऊ, दादा, याच इमारतीत दोन मजले खाली खाटेवर पडून होता. मानेत गाठ, छातीत तिची पिलावळ, आणि डॉक्टरांच्या भात्यातले सगळे बाण संपलेले. त्याच्याच गाठीतून काढलेल्या पेशी या दोन बशांत वाढवल्या होत्या. त्रिकोणाची खूण केलेल्या बशीत औषध, गोलाच्या बशीत नुसतं तुलनेसाठी घातलेलं खोटं औषध. त्रिकोणाच्या पेशी मेल्या असत्या तर आजच दादाच्या शिरेत पहिला डोस गेला असता.

औषध माणसाला द्यायची परवानगी समितीच्या हातात; तिच्या वतीनं सही करायला म्हातारे डॉक्टर मुद्दाम वर आले होते. त्यांना सगळं हॉस्पिटल अण्णा म्हणायचं. आयुष्यभर मेलेल्या ऊतींच्या काचा बघून निदान करत आलेला हा माणूस, पण बोलायला लागला की समोरचा जेवण विसरायचा.

"म्हणजे माझी सही आज खिशातच," अण्णा म्हणाले. "आणि समिती पुढं या औषधाला वेळ देणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

धाकटीनं मान खाली घातली. बाईंचा आवाज मात्र चढला. "अण्णा, याआधी दर वेळी या पेशी मेल्यात. दर वेळी! आज अचानक त्यांना अमृत मिळालं? हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलंय."

"कुणी?"

बाईंनी पंतोजींकडे बघितलं. त्याच क्षणी छतावरचा लाल दिवा फिरू लागला, भोंगा वाजला, आणि बाहेरचं जड दार आपल्या आपण येऊन चौकटीत बसलं.

२

भिंतीवरच्या फोनवर सुरक्षावाल्यानं सांगितलं ते असं. बाहेरच्या बोळात पेशींना लागणाऱ्या वायूची नळी सुटली होती. तो वायू बोळात भरला होता. आत हवा वेगळी येते, आत धोका नाही. पण दार उघडायचं नाव काढू नका. बोळ मोकळा झाला की आम्हीच उघडू.

"म्हणजे कधी?" पंतोजींनी विचारलं.

"साहेब, ते वायूच्या मर्जीवर."

खोलीला खिडकी नव्हती. पेशींना ऊन नको असतं, धूळ नको असते, माणसंसुद्धा नकोच असतात, म्हणून खोली डबीसारखी बांधलेली. भिंती गुळगुळीत, वर पंख्याची एकसुरी घरघर, सगळीकडे स्पिरिटचा वास. स्टुलं तीन, माणसं चार. धाकटी उभीच राहिली. मधूनमधून तिची नजर जमिनीकडे जायची; खाली, दोन मजल्यांच्या पलीकडे, कुणीतरी औषधाची वाट बघत होतं.

अण्णांनी फ्रिज उघडला.

"त्यात प्यायचं पाणी नसतं अण्णा," बाई म्हणाल्या.

"तहान लागली की म्हातारा कुठलंही दार उघडतो." ते आत वाकून बघत होते. गुलाबी पाण्याच्या बाटल्या, आणि मागे एक तांबूस, अर्धी झालेली. "सगळ्या गुलाबी, ही एकच तांबूस. ही कुणाची?"

"ते यकृताच्या पेशींचं खाणं. आम्ही निरोगी यकृताच्या पेशींवरही औषध लावून बघायचो. ते काम मी केव्हाच बंद केलं. या परवानगीला लागत नाही."

"असं," म्हणून अण्णांनी फ्रिज लावला आणि स्टुलावर ऐसपैस बसले. "बाई, अडकलोच आहोत तर मला तुमचं औषध एकदा सांगा. शब्द जड वापरू नका. मी सांगतो तसं आहे का ते बघा."

मग त्यांनी मांडी हलवत सुरुवात केली. "एक वाडी. तिथं एक मुकादम. त्याला सवय अशी, की एका ठरावीक दारावर हात टेकल्याशिवाय त्याच्या तोंडून हुकूम फुटत नाही. दाराला हात लागला, की ओरडतो, 'वाढा! बांधा! थांबू नका!' शहाणा मुकादम दिवसातून कधीतरी ओरडतो. हा मात्र पिसाळलाय. दारावरून हात काढतच नाही. वाडी वाढते, शेजारच्याच्या अंगणात घुसते. तीच गाठ. बरोबर?"

"बरोबर. मुकादम म्हणजे ते प्रथिन, दार म्हणजे डीएनएवरची जागा."

"तुम्ही काय करता? त्या दारासारखी हुबेहूब दारं बनवता. सुटी, भिंत नसलेली, कारखान्यात बनवलेल्या डीएनएची. हजारोंनी आत सोडता. मुकादम भेटेल त्या दाराला मिठी मारतो आणि तिथंच चिकटतो. खऱ्या दाराशी कुणी नाही, हुकूम नाही. आणि हुकमाशिवाय जगायचं ती वाडी विसरलेली असते, म्हणून मरते."

पंतोजींना राहवलं नाही. "आणि गोल म्हणजे त्याच लाकडाचं, पण नक्षी विसकटलेलं दार. मुकादम ढुंकून बघत नाही. त्या पेशी जगायलाच हव्यात. म्हणजे जे मारतंय ते दारच, नुसतं लाकूड नाही, हे सिद्ध होतं."

"वा. मग आता सांगा, आज त्रिकोणातल्या मुकादमाला दार का दिसलं नाही?"

पंखा तेवढा घरघरत राहिला.

३

"तीनच कारणं," अण्णांनी बोटं पुढे केली. "दार पेशीत गेलंच नाही. दार चुकीचं होतं. किंवा दार बरोबर, पण मोडकं. यातलं काय, ते इथं बसल्याबसल्या कळेल?"

बाई एकदम उठल्या. बशांत औषध ज्यांतून घातलं त्या त्रिकोण आणि गोल, दोन्ही काचनळ्यांत तळाशी थोडं थोडं उरलं होतं.

त्यांच्या औषधाची गंमत अशी, की ते दोन धाग्यांचं असतं. धागे कारखान्यातून वेगवेगळे येतात. ते एकत्र घालून तापवायचे आणि मग सावकाश, अगदी सावकाश थंड होऊ द्यायचे. गरम पाण्याच्या थर्मासात दोन्ही नळ्या सोडायच्या, वर टॉवेल गुंडाळायचा, आणि दुपारभर त्या वाटेला जायचं नाही. तेव्हा कुठं दोन धाग्यांची जोडी जुळते. घाई केली, गरम नळी बर्फात खुपसली, तर प्रत्येक धागा दचकून आपल्याच अंगाभोवती मुटकुळं करून बसतो. धागा तोच, लाकूड तेच, पण दार बनत नाही.

जोडी आहे की नाही हे सांगणारं यंत्र कोपऱ्यात होतं. ते थेंब हळूहळू तापवतं आणि त्यातून प्रकाश सोडतं. जोडी असली तर ती सुटताना आकडा उसळी घेतो.

आधी गोल लावला. आकडा बराच वेळ निजल्यासारखा होता. मग टुणकन उसळला.

"ही जोडी नांदती," अण्णा म्हणाले.

मग त्रिकोण. चौघेही पडद्यावर वाकले. धाकटी सगळ्यांच्या मागं होती. यंत्र तापत गेलं. आकडा कुरकुरत जरासा वर सरकला, आणि तसाच सपाट पुढे गेला.

"बर्फ," बाई कुजबुजल्या. "कुणीतरी बर्फात घातलं." मग त्या वळल्या. "पंतोजी, काल दुपारी बर्फाची बादली घेऊन तुम्ही थर्मासापाशी काय करत होता?"

"माझे नमुने गार करत होतो! बर्फ काय, मी रोज नेतो."

"गेल्या आठवड्यात याच खोलीत म्हणालात, 'इतक्या घाईत हे माणसाला द्यायचं नाही.' म्हणालात का नाही?"

"म्हणालो. आजही म्हणतो. तोंडानं म्हणतो! चोरून नळ्या बुडवत नाही."

"तोंडानं म्हणून जमलं नाही, म्हणून हातानं केलंत. खाली एक माणूस मरतोय, पंतोजी. हिचा सख्खा भाऊ! हिच्याकडे बघून सांगा."

पंतोजींनी धाकटीकडे बघितलं. ती बघू शकली नाही. त्यांचा चेहरा पडला. सगळ्यांना छडी दाखवणारा माणूस असा बाकावर उभा केल्यासारखा दिसू लागला. "धाकटे," ते म्हणाले, "तुलाही असंच वाटतं?"

धाकटी हातमोज्याची बोटं ओढत राहिली.

"दार उघडलं, की हे लेखी वर जाणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही, एवढं मी बघेन."

पंतोजी उठले, दारापाशी गेले, आणि उघडणार नाही हे माहीत असून दांडा ओढून बघितला.

४

"बसा पंतोजी," अण्णा म्हणाले. "दार बंद आहे हा देवाचा आशीर्वाद समजा. उघडं असतं तर तुम्ही रागानं निघून गेला असता, आणि निघून गेलेला माणूस अपराधीच ठरतो. बाई, मला एक सांगा. दोन्ही नळ्या एकाच थर्मासात होत्या?"

"एकाच. शेजारीशेजारी."

"समजा थर्मास कलंडला, पाणी गार झालं. मग कुठली बिघडेल?"

"दोन्ही."

"समजा कुणी रागानं दोन्ही बर्फात कोंबल्या?"

"दोन्हीच बिघडतील. आम्ही मुद्दाम करून बघितलंय एकदा."

"पण गोल शाबूत आहे. म्हणजे कुणीतरी टॉवेल सोडला, त्रिकोण तेवढा उचलला, बर्फात घातला, पुन्हा आणून ठेवला, टॉवेल गुंडाळला. गोलाला बोटही लावलं नाही." अण्णा पंतोजींकडे वळले. "त्रिकोण म्हणजे खरं औषध, हे तुम्हाला काल ठाऊक होतं?"

"मुळीच नाही. आज बशा वाचून झाल्यावर कळलं. तोच तर आमचा नियम. बशी वाचणाऱ्याला नळीत काय आहे ते कळू द्यायचं नाही. नाहीतर डोळे मनासारखं बघतात."

"आणि बाई, तुम्हाला?"

"मलाही नाही. नळ्यांवर खुणा चिकटवणारा एकच माणूस असतो. खूण कशाची, हे त्याच्याखेरीज..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"पंतोजींना बिघडवायचंच असतं, तर आंधळेपणी दोन्ही बिघडवाव्या लागल्या असत्या. नाहीतर खोटं औषध बिघडवून खरं तसंच राहायचं, आणि मेहनत पाण्यात. ज्यानं नेमका त्रिकोण उचलला त्याला त्रिकोण ठाऊक होता." अण्णांचा आवाज अगदी मऊ झाला. "खुणा कोण चिकटवतं, बाई?"

"धाकटी," पंतोजीच म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "तिचा भाऊ आहे म्हणून तिला बशा वाचू देत नव्हतो. मायेनं नजर चुकेल म्हणून. मग नावं झाकायचं काम तिच्याकडे दिलं. ते निरुपद्रवी."

"वेड लागलंय का तुम्हाला?" बाई ओरडल्या. "औषध चालावं म्हणून जिनं रात्रीचा दिवस केला, ती बिघडवेल? तिला काय भाऊ मारायचाय?"

"तेच मला कळत नाहीये," अण्णा म्हणाले. "हात कुणाचा ते दिसतंय, मन दिसत नाही. पोरी, तू काही म्हणतेस?"

धाकटीनं हातमोजे काढायला सुरुवात केली. एक निघाला, दुसरा बोटांत अडकला, निघेना. "दार कधी उघडेल?" एवढंच ती म्हणाली.

५

अण्णा उठले आणि पुन्हा फ्रिजपाशी गेले. तांबूस बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"मघाशी विचार करत होतो. बाईंनी यकृताचं काम केव्हाच बंद केलं. मग झाकणावर ताजी चिकटपट्टी कशी? काम बंद म्हणजे खाणारं तोंड नाही, आणि खाणं तर संपतंय. घरात कुणी नाही म्हणतात आणि ताट मात्र रोज उष्टं! कुणीतरी गुपचूप यकृताच्या पेशी पोसतंय. पंतोजी, पेशी ठेवायचं ते गरम कपाट उघडा. वरवर बघू नका, अगदी मागं हात घाला."

पंतोजींनी वरचा कप्पा बघितला, मधला बघितला. खालच्या कप्प्यात ओलावा राहावा म्हणून पाण्याचा ट्रे होता. त्याच्या मागून त्यांनी एक बशी काढली आणि कुणी न सांगता मायक्रोस्कोपखाली सरकवली.

बराच वेळ ते डोळा लावून होते.

"यकृताच्या," ते म्हणाले. "सगळ्या मेल्यात. तळ सोडून वर तरंगतायत."

"माझ्याच हातचं औषध आहे त्यात," धाकटी म्हणाली. "चांगलं जुळलेलं. दादाच्या शिरेत जाणार होतं तेवढंच."

आता तिला थांबवता येईना. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं. यकृताची बशी पुन्हा लावू या का? तुम्ही म्हणालात, आत्ता फाटे फोडू नकोस, समिती तोंडावर आलीय. मी गप्प बसले. पण माझा हात तीन बशांचाच आहे. दोनच लावल्या की जेवताना मीठ राहिल्यासारखं वाटतं. म्हणून चोरून लावली. बघितलं तर हे. एकदा नाही, परत परत बघितलं. यकृतालासुद्धा तोच मुकादम लागतो, अण्णा. आपण दारं सगळीकडे सोडली तर तिथलाही हुकूम बंद पडतो. गाठ मरेल. आणि दादाही."

"मग सांगायचं नाहीस?" बाईंचा आवाज फाटला.

"कुणाला? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, डोस कमी करू, आज थांबायचं नाही. आणि दादाला? नेहमीचे इलाज संपल्यावर बाकी सगळ्या डॉक्टरांना तो नको म्हणाला. म्हणाला, माझ्या धाकटीनं केलंय तेच घेईन. रोज विचारतो, झालं का गं तुझं औषध? त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, की शेवटची काडीपण मीच काढून घेतेय? देऊ म्हटलं तरी मी मारणार, नको म्हटलं तरी मीच. दोन्हीकडून भिंत. मला वाटलं, माझ्याऐवजी बशीनंच 'नाही' म्हणावं. औषध चालत नाही म्हटलं की कुणाचा दोष नसतो. दादा म्हणाला असता, जाऊ दे, नशीब."

"दोष नसतो?" पंतोजी हळूच म्हणाले. "मघाशी माझ्यावर येत होता."

ती पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.

"गोलही बुडवला असतास," अण्णा म्हणाले, "तर मी आज कुणाचंच नाव घेऊ शकलो नसतो. का नाही बुडवलास?"

"गोलाला?" तिनं वळून अशा नजरेनं बघितलं, जणू म्हाताऱ्यानं काही अभद्र सुचवलंय. "ती तुलनेची नळी आहे, अण्णा. तिला कसं बिघडवणार?"

पंतोजींच्या घशातून हुंदका आला की हसू, ते त्यांनाही कळलं नाही. वीस वर्षं तेच पोरापोरींना बजावत आले होते, की जग बुडालं तरी तुलनेच्या नळीला धक्का लावायचा नाही.

अण्णा तिच्याजवळ गेले. तिच्या बोटांत अडकलेला हातमोजा त्यांनी सावकाश सोडवला. "बाळ, तू भावाला विषापासून वाचवलंस, त्याचं पुण्य देव तुझ्या पदरात घालो. पण जे केलंस त्याचं दुसरं टोक बघितलंस? आज मी खाली जाऊन 'चालत नाही' असं सांगितलं असतं. औषध कायमचं पुरलं गेलं असतं. आणि ते तर चालतंय! इतकं चालतंय, की नको तिथंही चालतंय. ते शिरेतून न देता गाठीतच टोचलं, अगदी थोडं, यकृतापर्यंत पोचूच नये इतकं, तर? हा प्रश्न कुणाला पडला असता का? बशी खोटं बोलली, की पुढचे प्रश्न गर्भातच मरतात."

बाईंनी मान वर केली. "गाठीतच... मानेतली गाठ तर हाताला लागते."

"छातीतल्यांचं काय?" पंतोजी म्हणाले.

"त्यांच्यावर यानं काही होणार नाही," अण्णा म्हणाले. "मी हो म्हणत नाहीये, बाई. आज सही नाही. तिन्ही बशा उजेडात मांडून समितीसमोर परत या. आणि ही पोरगी या प्रयोगाला पुन्हा हात लावणार नाही. ते मला सांगावंच लागेल, आणि तुम्ही तिसरी बशी का बंद केलीत तेही."

बाईंनी तांबूस बाटली उचलली, पुन्हा ठेवली, आणि पहिल्यांदाच पंतोजींच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळलं.

तेवढ्यात फोन वाजला. बोळ मोकळा झाला होता. दार सुस्कारा टाकून उघडलं, आणि सगळ्यात आधी बाहेर पडायचं जिच्या मनात सकाळपासून होतं, तिचेच पाय उंबऱ्याशी अडले.

"मी सांगू त्याला?" अण्णांनी विचारलं.

"नको. मीच."

६

दादा उशीला टेकून बसला होता. वाद्यं दुरुस्त करणारा माणूस. बोटं रिकामी राहिली की खाटेच्या नळीवर टिचक्या मारून कुठला सूर निघतो ते बघत राहायची. गाठीनं आवाज खरखरीत केला होता.

"आज नाही ना?" तोच म्हणाला. "पावलं ऐकली तुझी. चांगली बातमी असली की तू जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरतेस."

धाकटीनं खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. तिसरी बशी सांगितली, बर्फ सांगितला, त्रिकोण सांगितला. त्याच्या टिचक्या थांबल्या.

"म्हणजे माझी गाठ मरते," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि मीही."

"हो."

"आणि हे तू एकटीनं गिळून रोज मला फळं कापून देत होतीस."

त्यानं तोंड पलीकडे फिरवलं. पडद्यामागं शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. धाकटीनं त्याच्या पांघरुणाची एक घडी सारखी केली, मग पुन्हा विस्कटून पुन्हा सारखी केली.

"मी काय म्हटलं असतं असं वाटलं तुला?"

"'दे' म्हणाला असतास."

तो हसला, आणि हसता हसता खोकला. "म्हणालो असतो, खरंय. बोंबललो असतो. म्हणालो असतो, तुझ्या यकृताचं तू बघ, माझ्या गाठीवर औषध दे. मग तू तोंडावर नाही म्हणायचंस. आपण भांडलो असतो. अगं, भांडणानं कुणी मरतं का? घरात लहानपणापासून दुसरं केलंय काय आपण?"

"आता ते गाठीतच टोचायचं म्हणतायत. मानेतल्या. छातीतल्यांचं तसंच राहील. होईल की नाही तेही माहीत नाही, दादा. आणि मी त्यात नसेन. मला बाहेर काढतील."

"हं." त्यानं मानेवरून, गाठीवरून हात फिरवला. एखादं अवघड वाद्य हातात आल्यावर बघावं तसं त्यानं जरा चाचपलं. "ही गेली तर निदान गिळता येईल. पेज तरी प्यायली जाईल." मग एकदम तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या पापाचं गाठोडं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलं का वर?"

"पंतोजींच्या. बाईंनी त्यांची नोकरी घ्यायची भाषा केली. आणि मी उभी राहिले. नुसती."

"माफी मागितलीस?"

"आधी तुझ्याकडे..."

"मी कुठं पळून जातोय? आधी वर जा. आणि येताना त्यांना घेऊन ये. घाई नको असं त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं ना? मग थोडं म्हणजे किती थोडं, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. या वेळी मला विचारून करा."

ती उठली. पडद्याशी पोचली तेव्हा मागून खरखरीत हाक आली.

"धाकटे!"

"काय?"

"त्यांच्यापुढं रडू नकोस हं. मास्तर माणूस, घाबरेल बिचारा."

जिना संपेपर्यंत तिनं रडून घेतलं. मग कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि दार वाजवलं.